पाण्याखालचं आधी, डेकवरचं नंतर

१९५१ साली मिनेसोटा राज्यातल्या रिचमंड गावाजवळ राहणाऱ्या अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन लांब रांगा केल्या, त्यांवर लाकडी फळ्या बसवल्या आणि तो तराफा तळ्यात सोडला. साध्या होडीत एक माणूस उठून उभा राहिला की बाकीच्यांचे हात आपोआप काठाकडे जातात. या तराफ्यावर माणसं उभी राहू शकत होती, इकडून तिकडे फिरू शकत होती, खुर्च्या टाकून बसू शकत होती. अमेरिकेतल्या पाँटून बोटीची सुरुवात साधारणपणे इथून मानतात. पुढे पिंपांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, फळ्यांच्या जागी प्लायवूडचा डेक आला, भोवती कठडा आणि मागे आऊटबोर्ड इंजिन आलं. कल्पना मात्र तीच राहिली: पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ नळ्या आणि त्यांवर एक सपाट मजला.

मिनेसोटात दहा एकर किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हे पाणी खुणावतं. उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आई-वडील आलेले असतात, शाळांना सुट्टी असते, शनिवार-रविवारी चार घरं एकत्र जमतात. तीन पिढ्या एकाच वेळी आरामात बसतील अशी बोट म्हटली की पाँटूनला पर्याय नाही. म्हणून आधी एक-दोन वर्षं भाड्याने घेतली जाते आणि मग विकत घेण्याचा विचार सुरू होतो.

खरी अडचण इथून पुढे आहे. विक्रेता पर्यायांची जी यादी हातात ठेवतो, ती दोन-तीन पानांची असते. जास्तीचे स्पीकर, कठड्यावरचे रंगीत दिवे, कप ठेवायच्या खोबणी, दुहेरी छत, तिसरी नळी, हायड्रॉलिक स्टिअरिंग, डेकखालचा पत्रा अशी सगळी नावं एकाच रांगेत, एकाच टायपात छापलेली. वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं महत्त्व सारखंच. ते तसं नाही. काही गोष्टी कारखान्यातच बसवाव्या लागतात. नंतर बसवणं अशक्य असतं किंवा बोटीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही. काही गोष्टी पुढच्या मोसमात, निम्म्या पैशांत, घरच्या घरी बसवता येतात. या प्रकरणात मी पर्यायांचा विचार याच एका निकषावर केला आहे. बजेट मर्यादित असेल, आणि ते प्रत्येकाचं असतंच, तर पैसा आधी नळ्या, सांगाडा आणि इंजिन यांत घालावा. डेकवरच्या हौसेला पुढे आयुष्य पडलंय.

जानेवारीत, तळी गोठलेली असताना, मिनिआपोलिसला बोटींचं प्रदर्शन भरतं. तिथे बोटी कोरड्या जमिनीवर, दिव्यांच्या झगमगाटात उभ्या असतात. माणसं शिडीने वर चढतात, गुबगुबीत सोफ्यांवर बसून बघतात, गाणी लावून बघतात आणि उतरतात. तुम्ही आधी खाली वाका. पाण्यात गेल्यावर जे पुन्हा दिसणार नाही, ते इथे उघडं असतं. मोबाइलचा टॉर्च लावा आणि डेकच्या खालून मागच्या टोकापर्यंत नजर फिरवा. नळ्या किती जाड आहेत, आडव्या पट्ट्या किती अंतरावर आहेत, वेल्डिंग सलग आहे की तुकड्यातुकड्यांत, वायरी नीट बांधल्या आहेत की लोंबकळताहेत, हे पाच मिनिटांत कळतं. विक्रेत्याला असा ग्राहक नवीन नसतो. चांगला विक्रेता स्वतःच खाली वाकून दाखवतो.

नळ्यांपासून सुरुवात करू, कारण बोट त्यांच्यावरच तरंगते. बाजारात २३, २५, २६, २७ इंच व्यासाच्या नळ्या दिसतात. २३ आणि २५ मध्ये दोनच इंचांचा तर फरक, असं वाटतं. पण तरंगण्याची ताकद व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आर्किमिडीजचा नियम लावून बघा. २३ इंची नळी पूर्ण बुडाली तर लांबीच्या दर फुटाला सुमारे १८० पौंड भार पेलते. २५ इंची नळी सुमारे २१३ पौंड. २० फुटांच्या दोन नळ्या धरल्या तर पहिल्या जोडीची एकूण ताकद ७,२०० पौंडांच्या आसपास, दुसरीची ८,५०० च्या आसपास. पुढचं टोक निमुळतं असल्याने प्रत्यक्षात आकडे थोडे कमी भरतात, पण प्रमाण तेच राहतं: दोन इंचांत अठरा टक्के वाढ.

ही सगळी ताकद वापरायची नसते. माणसं आणि सामान चढल्यावर नळ्या साधारण निम्म्याच बुडाव्यात, हा धरून चालायचा हिशेब. वरची निम्मी नळी म्हणजे लाटेसाठी राखून ठेवलेली जागा. ती कमी पडली की पाँटूनचा एक खास धोका समोर येतो. सगळी मंडळी फोटोसाठी पुढच्या भागात जमलेली असतात, समोरून मोठ्या बोटीची लाट येते, चालवणारा घाबरून वेग एकदम कमी करतो. वेग तुटला की नाक खाली जातं, नळ्यांची टोकं लाटेत घुसतात आणि पाणी पुढच्या दारातून थेट डेकवर येतं. अशा वेळी इंजिन एकदम बंद न करता, हलका जोर ठेवून नाक वर राहू द्यायचं असतं आणि लाट तिरकी घ्यायची असते. चालवणाऱ्याने हे शिकायलाच हवं. पण जाड नळ्यांची बोट त्याची एखादी चूक पोटात घालते; बारीक नळ्यांची घालत नाही.

त्यामुळे आपलं तळं कोणतं, हा प्रश्न बोट कोणत्या कंपनीची यापेक्षा मोठा आहे. दीड-दोनशे एकरांच्या शांत तळ्यावर, संध्याकाळी तासभर फेरी मारायची असेल तर दोन नळ्यांची बोट उत्तम चालते. लेक मिनेटोंका सुमारे १४,५०० एकरांचा. तिथे वाऱ्यापेक्षा गर्दीचा त्रास जास्त. रविवारी दुपारी चहूबाजूंनी वेगवान बोटींच्या लाटा येतात, एकमेकींवर आपटतात आणि पाणी सतत खळबळलेलं राहतं. मिल लॅक्स तर १,३२,००० एकरांचा, आणि इतका मोठा असूनही त्याची जास्तीत जास्त खोली सुमारे ४२ फूटच. उथळ आणि उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उंच आणि जवळजवळ उठतात. तिथे तिसरी नळी गरजेची.

मधोमध तिसरी नळी असलेल्या बोटीला ट्रायटून म्हणतात. ती काय देते? भार पेलण्याची ताकद जवळपास दीडपट होते, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठं इंजिन लावायची मुभा मिळते. बऱ्याच रचनांत मधली नळी बाजूच्या नळ्यांपेक्षा थोडी खाली किंवा थोडी जाड असते, त्यामुळे वळताना बोट आतल्या बाजूला झुकते. दोन नळ्यांची बोट वेगात वळवली तर सपाट राहते किंवा बाहेर कलते, आणि बसलेली माणसं कठड्याकडे ढकलली जातात. तिसऱ्या नळीच्या पोटात अनेकदा लांब कप्पा काढलेला असतो. त्यात दोर, स्की, लाइफ जॅकेट राहतात आणि डेकवरचा पसारा जातो. दोन नळ्यांच्या बोटीला नंतर तिसरी नळी बसवून देणारे कारागीर आहेत. तरीही मी हा पर्याय पहिल्या खरेदीतच ठरवायला सांगेन, कारण इंजिनाची कमाल मर्यादा, विमा आणि हमी हे सगळं कारखान्यातून बाहेर पडलेल्या बोटीवर ठरतं.

नळ्यांच्या बाजूंना तिरप्या पट्ट्या वेल्ड केलेल्या दिसतील. वेग घेताना त्या पाण्यावर दाब देऊन बोट वर उचलतात. बोट पाण्याच्या पृष्ठभागावर आली की इंजिनाचा ताण घटतो आणि इंधनही वाचतं. मुलांना मागे दोर बांधून ट्यूबवर ओढायचं असेल तर या पट्ट्या घ्याच. डेकच्या खाली सपाट अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवून मिळतो, तोही याच गटातला. तो नसला तर लाटेचं पाणी आडव्या पट्ट्यांवर आपटून अडतं आणि वेग खातं. पत्र्याचा तोटा एकच: त्याच्या मागच्या वायरींपर्यंत दुरुस्तीसाठी पोचायला वेळ लागतो. तरी फायदा जास्त आहे.

पत्र्याच्या जाडीबद्दल थोडक्यात. नळीचा पत्रा ०.०८० इंचांपासून ०.१२५ इंचांपर्यंत मिळतो. खडकाळ काठ असेल, बोट वारंवार वाळूवर चढवायची असेल तर जाड घ्या. नळीच्या आत हवाबंद कप्पे असतात; एकाला भोक पडलं तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. कप्पे किती आहेत हे विचारायचं आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

आता सांगाडा. डेकला आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या १६ इंचांवर आहेत की २४ इंचांवर, हे खाली वाकल्याबरोबर दिसतं. १६ इंच चांगलं. डेक पायाखाली दबत नाही आणि वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. डेकचं प्लायवूड पाऊण इंची, पाण्याला टिकेल अशी प्रक्रिया केलेलं असावं, आणि ते आरपार बोल्टांनी बसवलेलं असावं. नुसत्या स्क्रूंवर बसवलेला डेक लाटांच्या धक्क्यांनी सैल होत जातो.

इंजिनाच्या बाबतीत काटकसर करण्याचा मोह होतो, कारण एकूण किमतीत त्याचा वाटा मोठा असतो. विक्रेताही कमी किमतीची जाहिरात करताना लहान इंजिन लावूनच बोट दाखवतो. मासेमारीसाठी, दोन-चार माणसांसाठी २० फुटी बोटीला ४० ते ६० हॉर्सपॉवर पुरतात. आठ-दहा माणसांच्या २२ फुटी बोटीला ९० ते ११५ हवेत. ट्यूब किंवा स्की ओढायची असेल तर १५० आणि तेही तीन नळ्यांवर. मोठ्या माणसाला स्कीवर उभं राहायला ताशी २५ मैलांच्या पुढे वेग लागतो आणि भरलेली, दोन नळ्यांची बोट तिथे पोचता पोचताच दमते. लहान इंजिन सतत पूर्ण जोरावर चालवलं तर ते मोठ्या इंजिनापेक्षा कमी पेट्रोल पितं असंही नाही. बोटीवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये.

१५० किंवा त्याहून मोठं इंजिन असेल तर हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पर्याय घ्याच. केबलच्या स्टिअरिंगवर इंजिनाचा पीळ चालवणाऱ्याच्या हातात येतो. चाक जरा सैल सोडलं की बोट एका बाजूला ओढली जाते. घरातल्या सगळ्यांनी चालवावी अशी इच्छा असेल, आजोबांनीही चाक धरावं असं वाटत असेल, तर हा खर्च वाया जात नाही.

इथवर सगळं पाण्याखालचं आणि मागचं झालं. आता चालकाच्या जागेजवळ लावलेल्या छोट्या पाटीकडे या. तिच्यावर किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर हे लिहिलेलं असतं. कोस्ट गार्डच्या नियमानुसार अशी पाटी एकसंध तळाच्या, २० फुटांपेक्षा लहान बोटींना सक्तीची आहे. पाँटून त्यात येत नाहीत. तरी नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं प्रमाणपत्र घेतलेल्या कंपन्या ती लावतात. पाटी नसलेली बोट घेऊ नका, एवढं मी ठामपणे म्हणेन.

पाटी कशी वाचायची, ते एका उदाहरणाने बघू. समजा, लिहिलंय: ११ माणसं किंवा १,७०० पौंड. भागाकार करा, माणशी साधारण १५५ पौंड येतात, म्हणजे सत्तर किलो. अमेरिकेतल्या प्रौढ माणसाचं सरासरी वजन १८० पौंडांच्या वर आहे. म्हणजे सगळी मोठी माणसं असतील तर ही बोट नऊ जणांची. पाटीवर बहुधा आणखी एक आकडा असतो: माणसं, इंजिन आणि सामान मिळून एकूण वजन. बर्फ भरलेले दोन कूलर, नांगर, दोर, फुगवायच्या ट्यूब, पोहे-थालीपिठांचे डबे, पाण्याच्या बाटल्या हे सगळं त्यात धरायचं. आपल्याकडे "अजून दोघं मावतील, सरकून बसा" ही सवय प्रेमातून आलेली आहे. पाण्यावर ती सोडायला हवी. नेहमी बारा जण येणार असतील तर बोट पंधराची घ्या.

आता दारं आणि शिडी. यांना यादीत फारसं स्थान नसतं. मला ती सर्वांत महत्त्वाच्या निवडींपैकी वाटतात.

पाँटूनला पुढे, बाजूला आणि मागे दारं असतात. धक्क्यावरून डेकवर पाऊल टाकताना उंचीतला फरक किती, दाराची रुंदी किती, धरायला बाजूला भक्कम दांडा आहे का, हे सत्तरीच्या माणसाच्या नजरेने बघा. गुडघे दुखत असलेली आई साडी सावरत पाऊल टाकते तेव्हा तिचा एक हात कशाला तरी धरलेला असला पाहिजे. घरात व्हीलचेअर असेल तर किमान ३२ इंचांचं दार हवं आणि आत वळायला मोकळी जागा हवी. अशी मांडणी काही कंपन्या मागणीनुसार देतात. ती कारखान्यातच सांगावी लागते, कारण नंतर कठडा कापून दार रुंद करता येत नाही. दारांच्या कड्या मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशा असाव्यात.

पुढच्या दाराबाहेर डेकचा वीतभर-हातभर भाग उरतो. पाय पाण्यात सोडून तिथे बसायचा मोह मुलांना होतो, मोठ्यांनाही होतो. बोट चालू असताना तिथे बसलेला माणूस घसरला तर तो नळ्यांच्या मधून थेट प्रॉपेलरखाली जातो. चालवणाऱ्याला काही करायला सेकंदसुद्धा मिळत नाही. अनेक राज्यांत याला कायद्याने बंदी आहे. इंजिन चालू म्हणजे सगळी दारं बंद आणि सगळी माणसं कठड्याच्या आत, हा नियम पहिल्या दिवसापासून घरात रुजवा.

शिडीचं असंच. पोहणारा माणूस दमलेला असतो, अंग जड झालेलं असतं, तेव्हा त्याला पाण्यातून वर यायचं असतं. शिडीच्या पायऱ्या रुंद आणि सपाट असाव्यात, निदान दोन पायऱ्या पाण्याखाली पोचाव्यात, आणि पाण्यातल्या माणसाला ती स्वतःच्या हाताने खाली ओढता यावी. वरून कुणीतरी सोडेपर्यंत वाट बघायला लावणारी शिडी उपयोगाची नाही. बारीक दांड्यांची शिडी अनवाणी तळव्यांना खुपते आणि साठीची माणसं त्या दुखण्यापायी पाण्यात उतरणंच सोडतात. चार किंवा पाच पायऱ्यांची रुंद शिडी थोड्या जास्त पैशांत मिळते. कठड्यावरच्या दिव्यांऐवजी ती घ्या. शिडी इंजिनाच्या जितकी दूर तितकी बरी, आणि कुणी ती वापरत असताना इंजिन पूर्ण बंद हवं. प्रॉपेलरइतकंच धुराचंही भय असतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो मागच्या बाजूला साचतो. केबिन असलेल्या बोटींत त्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं करणारं मिनेसोटा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. तो कायदा २०१८ पासून लागू आहे. पाँटूनला केबिन नसते, पण थंडीसाठी चारी बाजूंनी पडदे लावायचा पर्याय घेतलात तर तिथेही तेच यंत्र लावून घ्या.

सुरक्षेच्या गोष्टींत एक पर्याय मनापासून सुचवावासा वाटतो: इंजिन बंद करणाऱ्या स्विचचा बिनतारी प्रकार. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात चालवताना चालकाने हा स्विच अंगाला जोडलेला ठेवणं बंधनकारक आहे. चालक पाण्यात पडला की इंजिन थांबतं. वेटोळ्या दोरीचा नेहमीचा प्रकार लोक कंटाळून चाकालाच अडकवून ठेवतात. मनगटावर किंवा जॅकेटवर लावायचा बिनतारी तुकडा विसरला जात नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं हवं. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना ते घातलेलंच असलं पाहिजे. १६ फूट आणि त्यापुढच्या बोटीत फेकायचं तरंगतं साधन आणि अग्निशामक हेही लागतं. हे सगळं हाताशी ठेवायला जागा कुठे आहे, ते खरेदीच्या वेळीच बघा.

सावलीवर खर्च करा. जुलैमध्ये तळ्यावरचं ऊन दोन्हीकडून लागतं, वरून आणि पाण्यावरून परतून. बिमिनी म्हणजे घडी होणारं कापडी छत. ते नऊ-दहा फुटी हवं, म्हणजे चालक आणि मागची आसनं दोन्ही झाकली जातात. पुढच्या भागासाठी दुसरं छत नंतरही बसवता येतं.

जमिनीवर गालिचा नको. तो पाणी धरतो, माशांचा वास धरतो आणि दोन मोसमांत कळकट होतो. विणलेलं विनाइल धुता येतं, वाळतं आणि पायाला पकड देतं. रंग फिका घ्या. गडद जमीन दुपारी अनवाणी पायांना चटके देते. आसनाची गादी उचलून खालची पेटी बघा. ती साच्यातल्या प्लास्टिकची असेल तर कुजत नाही, आणि तिच्या तळाला पाणी जायला भोकं असली पाहिजेत.

स्पीकर, रंगीत दिवे, सुटी टेबलं यांवर मी पान खर्च करणार नाही. सगळं नंतर मिळतं, आणि बाहेरच्या दुकानात स्वस्त मिळतं. खोली दाखवणारं यंत्र मात्र सुरुवातीलाच घ्या. अनोळखी तळ्यातले खडक वरून दिसत नाहीत.

बोटीबाहेरचे खर्चही हिशेबात धरा. साडेआठ फूट, म्हणजे १०२ इंच, ही अमेरिकी रस्त्यांवर परवान्याविना नेता येणारी कमाल रुंदी. बहुतेक मोठ्या पाँटून तेवढ्याच रुंद असतात. तीन नळ्यांची बोट जड, त्यामुळे ट्रेलर आणि धक्क्याजवळची लिफ्ट दोन्ही जास्त क्षमतेची लागतात. लिफ्टवर उचलून ठेवलेल्या बोटीच्या नळ्यांना शेवाळ आणि झेब्रा शिंपले धरत नाहीत. जुनी लिफ्ट दुसऱ्या तळ्यावरून आणणार असाल तर मिनेसोटाच्या नियमानुसार ती २१ दिवस पाण्याबाहेर ठेवूनच नव्या पाण्यात सोडता येते. फ्लोरिडा किंवा टेक्सासच्या खाऱ्या पाण्यात बोट ठेवणाऱ्यांनी गंज स्वतःवर घेणाऱ्या धातूच्या वड्या नळ्यांना लावून घ्याव्यात, आणि तांबं असलेला रंग अ‍ॅल्युमिनियमला कधीही लावू नये. तो धातू खाऊन टाकतो.

आता माझी निवड. मिनेटोंकासारख्या गजबजलेल्या तळ्यावर दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार आणि मुलांना ट्यूबवर ओढणार असतील तर २२ फुटी, साडेआठ फूट रुंद, २५ इंची तीन नळ्यांची, खाली पत्रा आणि उचलणाऱ्या पट्ट्या असलेली, १५० हॉर्सपॉवर आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगची बोट. सोफे मधल्या दर्जाचे चालतील, संगीत साधं चालेल. शांत, लहान तळ्यावर राहणाऱ्या चौघांच्या घराला २० फुटी, २५ इंची दोन नळ्यांची, ६० ते ९० हॉर्सपॉवरची बोट भरपूर झाली; उरलेले पैसे चांगल्या शिडीत आणि लिफ्टमध्ये घाला.

आणि सौदा करताना एक अट लेखी घालून घ्या: पाण्यातली चाचणी. हिवाळ्यात बोट ठरवली तरी शेवटचा हप्ता वसंतात, तळं मोकळं झाल्यावर, चाचणीनंतरच द्यायचा. चाचणीला एकटे जाऊ नका. नेहमी जेवढी माणसं येणार तेवढी घेऊन जा, आजी-आजोबांसकट. पूर्ण जोरावर इंजिनाचे फेरे कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत बसतात का ते बघा. बसत नसतील तर प्रॉपेलर बदलून मागा. दोन्ही बाजूंना वळवून बघा, लाटेवर घेऊन बघा, इंजिन बंद करून प्रत्येकाला एकदा शिडीने चढायला लावा. हे सगळं मनासारखं झालं की मगच चेक फाडा.